कच्चा आहार: जे टिकले ते दिसतात, जे सोडून गेले ते दिसत नाहीत



पेट किंवा नेटचा अभ्यास करताना "संशोधन अभिकल्प", "सहसंबंध", "बाह्य वैधता" असे शब्द आपण पाठ करतो. परीक्षेत व्याख्या लिहून मार्कही मिळवतो. पण खरा पेपर हातात आला की या शब्दांचं करायचं काय, तेच कळत नाही. म्हणून आज एकच विषय घेऊन हे सगळे शब्द कामाला लावूया. विषय आहे कच्चा आहार, म्हणजे अन्न न शिजवता खाणं.

हा विषय निवडायचं कारण साधं आहे. तुमच्या हॉस्टेलवर, नात्यात किंवा योगवर्गात हे सुरू केलेलं कोणीतरी असतंच. "महिनाभर चूल बंद, वजन सहा किलो उतरलं, डोकं हलकं झालं" असं ते सांगतात. ते खोटं बोलत नसतात. समोर दुसरं कोणी म्हणतं, "आमच्या आजोबांनी आयुष्यभर भाकरी-पिठलं खाल्लं, नव्वदी गाठली." तेही खोटं नसतं. दोन्ही अनुभव खरे असूनही त्यातून उत्तर निघत नाही. ते का निघत नाही, हे कळणं म्हणजेच संशोधनाची सुरुवात.

आधी प्रश्न नीट विचारा

"कच्चा आहार चांगला की वाईट?" हा संशोधनप्रश्न नाही. कोणासाठी? किती दिवस? कशाच्या तुलनेत? आणि चांगला म्हणजे काय: वजन, रक्तातली चरबी, हाडं, की मनाला बरं वाटणं? प्रश्नात या चार गोष्टी आल्याशिवाय उत्तराला अर्थ नसतो.

त्याच्याही आधी व्याख्या बघा. बहुतेक कच्चाहारी मंडळी साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर न तापवलेल्या अन्नाला कच्चं म्हणतात. पण त्यांच्यातही फळं-भाज्या-सुकामेवा एवढंच खाणारे आहेत, कच्चं दूध घेणारे आहेत आणि कच्चं मांस-मासे खाणारेही आहेत. कोणी ७० टक्के कच्चं खातो, कोणी १००. एका पेपरात ७० टक्केवाले आणि दुसऱ्यात ९५ टक्केवाले असतील, तर दोन्हीच्या शीर्षकात "कच्चा आहार" असलं तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. कुठलाही पेपर उघडला की निष्कर्षाकडे पळू नका. आधी पद्धती विभागात जा आणि व्याख्या शोधा.

एका माणसाचा प्रयोग: त्याची किंमत किती?

१८९३ साली प्रिटोरियात असताना गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. भिजवलेले गहू, मटार, मनुका, बदाम, संत्री असं त्यांचं खाणं होतं. रोज काय खाल्लं आणि शरीराला कसं वाटलं, याची तारीखवार नोंद त्यांनी ठेवली. तो प्रयोग अकराएक दिवसांत थांबला आणि ती नोंद १८९४ मध्ये लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' या नियतकालिकात छापून आली. पुढे १९२९ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह हाच प्रयोग पुन्हा केला, 'यंग इंडिया'तून त्याबद्दल लिहिलं आणि पोट बिघडल्यावर तोही थांबवला.

आता संशोधक म्हणून याकडे बघा. माणूस एकच, तुलनेला दुसरा गट नाही, आणि प्रयोग करणाराच निरीक्षक. त्यामुळे यावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. पण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, नोंद रोजच्या रोज आणि तारीख टाकून केलेली आहे. तीन महिन्यांनी आठवून लिहिलेली नाही. दुसरी, न जमलेला प्रयोगही त्यांनी छापायला दिला. आज संशोधनाच्या जगातली मोठी तक्रार हीच आहे की, यशस्वी प्रयोग छापले जातात आणि फसलेले कपाटात राहतात.

गीसेनचा अभ्यास: आकडे आणि त्यांच्या मर्यादा

या विषयातलं बरंच उद्धृत झालेलं काम जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठातलं आहे. कोरिना कोबनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या २१६ पुरुषांनी आणि २९७ स्त्रियांनी एक सविस्तर प्रश्नावली भरून दिली होती. ही मंडळी सरासरी ३.७ वर्षं या आहारावर होती.

निष्कर्ष असे होते. आहार सुरू केल्यापासून पुरुषांचं वजन सरासरी ९.९ किलोंनी आणि स्त्रियांचं १२ किलोंनी उतरलं होतं. बीएमआय १८.५ च्या खाली असलेले, म्हणजे वजन कमी पडलेले, पुरुषांमध्ये १४.७ टक्के आणि स्त्रियांमध्ये २५ टक्के होते. पण खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित होऊन अंशतः किंवा पूर्ण थांबली होती. आणि ९० टक्क्यांहून जास्त कच्चं खाणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होतं.

पाळी थांबणं ही किरकोळ बाब नाही. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसेल, तर मेंदू प्रजननाचा खर्च बंद करतो. त्याबरोबर इस्ट्रोजेन कमी होतं आणि इस्ट्रोजेन कमी झालं की हाडांची झीज वाढते. विशी-पंचविशीतल्या मुलीसाठी याचा अर्थ असा की, ज्या वयात हाडांची ठेव जमा करायची, त्याच वयात ती काढून खाल्ली जाते.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: "कच्च्या आहारामुळे पाळी थांबते" हे या अभ्यासातून सिद्ध झालं का?

नाही. हा क्रॉस-सेक्शनल अभ्यास आहे, म्हणजे एका वेळी काढलेला फोटो. त्यात निदान तीन अडचणी आहेत.

एक, माहिती लोकांनी स्वतः दिलेली आहे. चार वर्षांपूर्वीचं वजन आठवून सांगताना माणूस थोडं वाढवून सांगू शकतो, कारण त्यामुळे उतरलेलं वजन मोठं दिसतं.

दोन, कारण आणि परिणाम उलटे असू शकतात. ज्यांचं खाण्याशी नातं आधीच बिघडलेलं आहे, वजनाची धास्ती आहे, अशा काही जणी कडक आहाराकडे जास्त ओढल्या जात असतील. मग पाळी आहारामुळे गेली की त्या आधीच्या धास्तीमुळे, हे फोटोवरून सांगता येत नाही.

तीन, मधला दुवा. पाळी थांबायला अन्नाचा कच्चेपणा कारण आहे, की वजन घटणं? तेवढंच वजन शिजवलेलं कमी खाऊन घटवलं असतं, तरी हेच झालं असतं का?

मग हा अभ्यास फेकून द्यायचा का? तसंही नाही. कच्च्या अन्नाचं प्रमाण जसं जास्त, तसा परिणाम जास्त, ही मात्रा-प्रतिसादाची साखळी त्यात आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीनंही ती पटण्यासारखी आहे. त्यामुळे अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष जपून आणि योग्य आहे: अतिशय कडक कच्चा आहार दीर्घकाळासाठी सुचवता येत नाही. "सिद्ध झालं" आणि "सावध राहायला पुरेसं आहे" या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला, त्याची निम्मी तयारी झाली म्हणा.

जे सोडून गेले, त्यांचं काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गीसेनच्या सॅम्पलमध्ये कोण होते? सरासरी पावणेचार वर्षं टिकलेले लोक. ज्यांनी सुरू केलं आणि तिसऱ्या आठवड्यात वरण-भातावर परत आले, ते या सॅम्पलमध्ये येऊच शकत नाहीत. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. मराठीत "टिकलेल्यांचा पक्षपात" म्हणूया.

गंमत अशी की, हा पक्षपात दोन्ही बाजूंनी खेचतो. ज्यांना त्रास झाला ते सोडून गेले असतील, तर सॅम्पलमध्ये सोसू शकणारेच उरले. म्हणजे खरे दुष्परिणाम दिसतात त्याहून जास्त असू शकतात. उलट, तब्येत सुधारली म्हणून काही जण समाधानाने पुन्हा साध्या जेवणाकडे वळले असतील, तर चांगले परिणामही गळाले. दिशा कुठली, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. त्यासाठी सुरुवातीपासून सगळ्यांचा माग ठेवणारा अभ्यास लागतो.

असा एक छोटा प्रयोग फिनलंडमध्ये झाला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. संधिवाताचे, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचे ४३ रुग्ण घेऊन त्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला न शिजवलेला, आंबवलेल्या पदार्थांनी भरलेला शुद्ध शाकाहार दिला, दुसरा गट नेहमीच्या जेवणावर राहिला. कच्च्या आहाराच्या गटातल्या रुग्णांनी सांगितलं की दुखणं हलकं वाटतंय. पुन्हा जुन्या जेवणावर आल्यावर त्रास वाढल्याचंही सांगितलं. पण आजाराची तीव्रता मोजणाऱ्या खुणा दोन गटांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या वेगळ्या निघाल्या नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे, आहार घेणाऱ्यांपैकी निम्म्या जणांना मळमळ, जुलाब असे त्रास झाले आणि त्यांनी प्रयोग मध्येच सोडला.

निम्मे! हा आकडा या प्रयोगाची कमजोरी आहे असं कोणी म्हणेल. पण जो आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तयार जेवण हातात मिळत असतानाही निम्म्या लोकांना झेपत नाही, त्याबद्दलची सगळ्यात उपयोगी माहिती म्हणजे हा आकडाच नाही का?

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा, मुलाखतीत विचारतात. सोडून गेलेल्यांना वगळून उरलेल्यांचंच विश्लेषण केलं, तर यादृच्छिक वाटणीचा फायदाच निघून जातो. म्हणून ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं. त्याने आहार पाळला असो वा नसो. याला इंटेन्शन-टू-ट्रीट विश्लेषण म्हणतात. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. डॉक्टर रुग्णाला फक्त सल्ला देऊ शकतो. तो सल्ला किती जण पाळू शकतात, हाही त्या सल्ल्याचाच गुण किंवा दोष आहे.

टिकवणं हाच एक चल

याच मुद्द्यावर एक अभ्यास जरूर वाचा, तो कच्च्या आहाराचा नसला तरी. २००५ मध्ये मायकेल डॅन्सिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १६० लोकांना चार वेगवेगळ्या प्रसिद्ध आहारांपैकी एक यादृच्छिक पद्धतीने दिला: अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश. वर्षाअखेरीस झोन आणि वेट वॉचर्स गटांतले ६५ टक्के, अ‍ॅटकिन्समधले ५३ टक्के आणि ऑर्निशमधले ५० टक्के लोक अभ्यासात उरले होते. जास्त टोकाचे दोन आहार जास्त लोकांनी सोडलेले दिसतात. वजन किती उतरलं, याचा संबंध आहाराच्या नावाशी फारसा लागला नाही. तो लागला आहार किती पाळला याच्याशी.

म्हणजे "कुठला आहार?" इतकाच "तो माणसाला निभावतो का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कच्च्या आहारात तो आणखी तीव्र होतो, कारण अडचण फक्त जिभेची नसते. मेसमध्ये काय खायचं? लग्नाच्या पंगतीत पान वाढल्यावर काय सांगायचं? आईने केलेली पुरणपोळी नाकारायची कशी? शिवाय कच्च्या पालेभाज्या-फळांत पाणी आणि चोथा जास्त, ऊर्जा कमी. दिवसाची गरज भागवायला पोतंभर खावं लागतं आणि तासन् तास चघळावं लागतं. समाजशास्त्र किंवा मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, इथे तुमचं पूर्ण प्रकरण दडलेलं आहे. आहार टिकतो किंवा मोडतो तो बऱ्याचदा स्वयंपाकघरात आणि नात्यांत.

रक्त आणि हाडं काय सांगतात?

गीसेनच्याच गटाने २००५ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. या वेळी फक्त प्रश्नावली नाही, तर २०१ कच्चाहारी लोकांचं रक्त तपासलं. एलडीएल कोलेस्टेरॉल जास्त असलेले फक्त १४ टक्के आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलेला एकही नाही. हृदयाच्या दृष्टीने ही चांगली बातमी. पण चांगलं समजलं जाणारं एचडीएल ४६ टक्क्यांमध्ये कमी निघालं आणि ३८ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं, तेही या लोकांत वाढलेलं आढळलं.

पुस्तकवाला एकच आकडा उचलतो. कच्चाहाराचा प्रचारक एलडीएल दाखवेल, विरोधक एचडीएल दाखवेल. पेपर मात्र एकच आहे, आणि दोन्ही गोष्टी त्याच्या शीर्षकातच आहेत!

त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लुईजी फोंटाना यांच्या गटाने १८ कच्चाहारी आणि नेहमीचं अमेरिकन जेवण घेणारे १८ जण यांची तुलना केली. कच्चाहाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांत आणि खुब्यात हाडांची घनता कमी होती. पण हाडांची झीज-भर दाखवणाऱ्या रक्तातल्या खुणा सामान्य होत्या आणि ड जीवनसत्त्व तुलनेत जास्त होतं. मग हाडं कमकुवत की फक्त हलक्या शरीराला साजेशी हलकी? ३६ माणसांच्या एका वेळच्या तपासणीतून हे ठरवता येत नाही. घनता ही मध्यवर्ती खूण आहे, खरा परिणाम म्हणजे हाड मोडणं. "सरोगेट एंडपॉइंट" हा शब्द कुठे वाचलात, तर हे उदाहरण आठवा.

आता बाह्य वैधतेचा प्रश्न. जर्मनीतली ३८ टक्के बी-१२ कमतरता पुण्याला लागू करता येईल का? थेट नाही, कारण आपली सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी ६७ टक्के जणांमध्ये बी-१२ कमी होतं, आणि हे सगळे शिजवलेलंच खाणारे! शाकाहारी घरातली व्यक्ती दूध-दहीही सोडून कच्च्या शुद्ध शाकाहारावर गेली, तर ती आधीच रिकाम्या होत आलेल्या डब्यातून काढून खाणार. आकडा उसना घेता येत नाही, पण इशारा मात्र इथे जास्तच लागू होतो.

शिजवल्याने नेमकं होतं काय?

लोकसंख्येचे अभ्यास "काय दिसलं" ते सांगतात. "का" हे कळायला यंत्रणा पाहावी लागते. प्रचारातलं नेहमीचं वाक्य असतं: "शिजवलं की सगळं सत्त्व जातं." हे वाक्य मोजता येईल अशा तुकड्यांत मोडूया.

टोमॅटो घ्या. २००२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने टोमॅटो ८८ अंशांना अर्धा तास तापवले. क जीवनसत्त्व सुमारे २९ टक्क्यांनी घटलं. पण मोकळं होऊन मोजता येणारं लायकोपीन दुपटीहून जास्त झालं, कारण उष्णतेने पेशींच्या भिंती सैल होतात. मग सत्त्व गेलं की आलं? दोन्ही. आता गंमत बघा. गीसेनच्याच कच्चाहारी लोकांचं रक्त तपासणारा २००८ चा एक पेपर आहे. त्यांच्यात बीटा-कॅरोटीन चांगलं निघालं, पण लायकोपीन ७७ टक्क्यांत कमी होतं. प्रयोगशाळेतला टोमॅटो आणि माणसाचं रक्त, दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकाच ठिकाणी भेटले. वेगवेगळ्या पद्धतींनी एकच उत्तर मिळणं, याला त्रिकोणीकरण म्हणतात. एका मोठ्या पेपरपेक्षा असे दोन वेगळ्या प्रकारचे पेपर कधी कधी जास्त वजनदार ठरतात.

अंडं घ्या. बेल्जियममधल्या १९९८ च्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं सुमारे ५१ टक्के. सहभागी फक्त पाच होते आणि तेही लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेले रुग्ण. का? कारण पचलं किती हे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी हात लावण्याआधीच मोजायचं होतं. सॅम्पल लहान दिसलं की नाक मुरडू नका, आधी प्रश्न काय होता ते बघा.

"कच्च्या अन्नातली एन्झाइम्स पचनाला मदत करतात" हा दावाही तपासा. एन्झाइम म्हणजे प्रथिन. जठरातल्या तीव्र आम्लात बहुतेक वनस्पतींची एन्झाइम्स आकार गमावतात आणि इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. शिवाय ती त्या वनस्पतीच्या कामासाठी असतात, आपलं जेवण पचवण्यासाठी नव्हे.

काही गोष्टी तर कच्च्या खायच्याच नसतात. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. मोजून चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवून पाणी फेकून खळखळ उकळल्यावर ते निकामी होतं. नुसतं कोमट शिजवलं तर उलट त्रास वाढू शकतो. मोड आलेली कडधान्यं आपल्याला सुरक्षित वाटतात, पण मोड आणणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही आवडते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त दगावले. तपासाचा माग मोड आलेल्या मेथीपर्यंत गेला. आपल्याकडे मटकीची उसळ करतात, त्यात चव आहेच, शहाणपणही आहे.

हार्वर्डचे मानवशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी २००९ च्या 'कॅचिंग फायर' या पुस्तकात हाच धागा उत्क्रांतीपर्यंत नेला. स्वयंपाकामुळे अन्नातून जास्त ऊर्जा मिळू लागली आणि त्यातून माणूस घडला, अशी त्यांची मांडणी. तीत गीसेनचे आकडे पुरावा म्हणून येतात. बघा, आहारशास्त्रातली एक प्रश्नावली मानवाच्या उगमाच्या वादात साक्षीदार झाली. मूळ अभ्यासाच्या मर्यादाही सोबत प्रवास करतात की वाटेत गळून पडतात, हे तपासणं वाचकाचं काम.

आणि तुम्हाला स्वतः करायचंच असेल तर

मी डॉक्टर नाही, पण वरच्या पुराव्यावरून काही गोष्टी सरळ निघतात.

- सगळं किंवा काहीच नाही असं करू नका. एका जेवणात मोठी वाटीभर कोशिंबीर, रोज एक-दोन फळं, मूठभर दाणे, एवढं वाढवलं तरी चांगला भाग पदरात पडतो. त्रास दिसला तो मुख्यतः अतिकडक प्रकारात.
- सुरू करण्याआधी वजन, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. सुरुवातीची नोंद नसेल तर नंतर कशाशी तुलना करणार?
- दूध-दही-अंडी सोडणार असाल, तर बी-१२ डॉक्टरांना विचारून बाहेरून घ्यावंच लागेल. कुठलीही कच्ची भाजी ते भरून काढत नाही.
- पाळी लांबली, चुकली, तर "शरीर शुद्ध होतंय" असं कोणी सांगेल. ऐकू नका. ते शरीराचं उपासमार कळवणं असू शकतं. डॉक्टरांकडे जा.
- राजमा कच्चा नको. मोड आलेलं कडधान्य वाफवूनच घ्या. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, मधुमेहाचं औषध घेणारे आणि खाण्याच्या विकारातून गेलेले, यांनी मनाने प्रयोग करू नये.
- सोडावंसं वाटलं तर सोडा. अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. निम्मे जण सोडतात, हा प्रयोगातला आकडा आहे.

आता तुमचं काम

शेवटी एक सराव. "कच्चा आहार" हा शब्द घेऊन तुमच्या विषयातला एक संशोधनप्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात कोण, किती काळ, कशाच्या तुलनेत आणि काय मोजणार, या चार गोष्टी आल्या पाहिजेत. मग खाली तीन ओळी लिहा: माझ्या सॅम्पलमध्ये कोण येऊच शकणार नाही? त्यामुळे उत्तर कुठल्या बाजूला झुकेल? ते झुकणं कमी करायला मी काय करीन?

आहारच घ्यायला हवा असं नाही. स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेल्यांच्या मुलाखती, सेंद्रिय शेतीत टिकलेले शेतकरी, पीएचडी पूर्ण केलेले विद्यार्थी: सगळीकडे तोच प्रश्न आहे. जे टिकले ते समोर बसून बोलतात. जे सोडून गेले त्यांच्या घरी आपल्यालाच जावं लागतं. तुमच्या प्रस्तावात त्या घरी जायची सोय केली असेल, तर मार्गदर्शकांचा पहिला कठीण प्रश्न तुम्ही आधीच सोडवलेला असेल.